ग्रीनला चिकटलेल्या तळ्यात बॉल गेला, तर ड्रॉप नेमका कुठे?

कोल्हापूरच्या एका गोल्फरनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. रविवारी मित्रांबरोबर स्ट्रोक प्ले, म्हणजे सगळे फटके मोजून खेळायचा प्रकार, चालला होता. पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या, होलवर दोन फटक्यांत बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) डावीकडच्या उंच गवतात आला. तिसरा फटका चिपचा, म्हणजे ग्रीनवर टाकायचा छोटा फटका. तो जरा जोरात बसला आणि बॉल फ्लॅगशेजारून घरंगळत, ग्रीन ओलांडून, उजवीकडच्या तळ्यात गेला. तळ्याला पेनल्टी एरियाची, म्हणजे दंडाचा फटका मोजून बाहेर यायच्या जागेची, हद्द दाखवणारे लाल खुंटे होते. यांनी काठावरून ड्रायव्हरनं, म्हणजे सर्वांत लांब काठीनं, दोन क्लब (दोन काठ्यांचं अंतर) मोजले आणि ग्रीनच्या बाजूला, फ्रिंजवर (ग्रीनच्या कडेच्या गवतावर), खांद्याच्या उंचीवरून बॉल सोडला, म्हणजे ड्रॉप घेतला. तो पुढे सरकत ग्रीनवर थांबला. बॉल पाण्यात शिरला त्या जागेपेक्षा हा थांबा होलला दोन पावलं जवळ होता. मग दोन पुट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) आणि कार्डावर सहा. एक मित्र म्हणाला, "पेनल्टीचा ड्रॉप ग्रीनवर चालतच नाही." दुसरा म्हणाला, "तळ्याच्या पलीकडं जायला पाहिजे हुतं तुम्ही." विचारणाऱ्यांचा प्रश्न एवढाच, की स्कोअर सहा धरायचा की आणखी काही?

आठ धरायचा. पण आठ का, हे कळलं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा हाच वाद होईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्पर्धांमध्ये नियमांचं काम करताना माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक ग्रीनच्या आसपासच्या असतात, आणि त्याचं कारण नियम अवघड असणं हे नाही. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, तळं आडवं असतं तेव्हा 'होलच्या जवळ जायचं नाही' ही अट आपोआप पाळली जाते, कारण होल दीडशे यार्डांवर असतो आणि मागे हवी तेवढी जमीन असते. ग्रीनजवळ होल आठ-दहा पावलांवर, मागे पाणी आणि पुढे ग्रीन. तिथे ही एक अट सगळं ठरवते आणि क्लब मोजण्याच्या नादात नेमकी तीच विसरली जाते.

तुमचा खरा प्रश्न 'किती क्लब' हा नाही. बॉलनं पेनल्टी एरियाची हद्द शेवटची कुठे ओलांडली, हा आहे. बॉल कुठे पडला, कुठे बुडाला, बुडबुडे कुठे आले, याला किंमत नाही. हद्द म्हणजे पाण्याचा काठही नव्हे. खुंट्यांच्या बाहेरच्या बाजू जमिनीलगत जोडणारी रेषा ही हद्द. रंगाची रेघ मारलेली असेल तर तिची बाहेरची कड, आणि रेघ स्वतः पेनल्टी एरियात धरली जाते. पाणी आटून काठ आत सरकला असला तरी हद्द खुंट्यांचीच. बॉलचा कुठलाही भाग हद्दीला टेकला असेल तर तो आत आहे. ही शेवटच्या ओलांडणीची जागा सापडली की तिथे टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) खोचून ठेवा. मी क्लबला हात लावायच्या आधी हेच करायला सांगतो. जागा सेंटिमीटरमध्ये बरोबर हवी असं नाही. खेळाडूनं प्रामाणिकपणे, दिसलेलं सगळं लक्षात घेऊन अंदाज केला असेल, तर नंतर व्हिडिओत दुसरंच दिसलं तरी तो अंदाज मान्य होतो.

आता बॉल हवेतून तळं ओलांडून ग्रीनच्या बाजूच्या उतारावर पडला आणि मागे घरंगळत पाण्यात आला, तर? तर शेवटची ओलांडणी ग्रीनच्या बाजूची. बॉल पलीकडून थेट पाण्यात पडला तर ती पलीकडच्या काठाची. एकच तळं, एकच फटका, पण दोन जागांमध्ये तीस-चाळीस यार्डांचा फरक पडू शकतो. म्हणून बरोबरच्यांनी त्या क्षणी बॉलवर नजर ठेवणं महत्त्वाचं. आपल्याकडे पेठांची फुटबॉल मॅच रंगली की शाहू स्टेडियमवर रेफरीची शिट्टी तरी असते. गोल्फमध्ये शिट्टी आपणच, म्हणून साक्षीदार लागतात.

यानंतर रंग. लाल असो वा पिवळा, एका पेनल्टी फटक्यात दोन वाटा कायम असतात. एक, जिथून शेवटचा फटका मारला तिथूनच पुन्हा मारणं, म्हणजे स्ट्रोक अँड डिस्टन्स. दुसरी, होल आणि ओलांडणीची जागा जोडणारी सरळ रेषा मागे वाढवून त्या रेषेवर हवं तेवढं मागे जाऊन ड्रॉप. तिसरी वाट, म्हणजे ओलांडणीच्या जागेपासून दोन क्लबच्या आत बाजूला ड्रॉप, ही फक्त लाल खुंट्यांना. तुमचे दुसरे मित्र 'पलीकडं जा' म्हणाले ते पिवळ्या खुंट्यांच्या हिशोबानं. पिवळा असता तर रेषा होलपासून निघून, तळ्यावरून जाऊन पलीकडच्या काठावर उतरली असती आणि एक तर तिथून खेळावं लागलं असतं, नाहीतर चिपच्या जागी परत जावं लागलं असतं. लाल होता, म्हणून पलीकडे जायची सक्ती नव्हती. खुंटेच नसतील तरी ओढा, तळं, उघडी चर ही पेनल्टी एरियाच असते, पाणी नसलं तरीही, आणि रंग ठरवून दिलेला नसेल तर ती लाल समजायची. आपल्या भागात उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या चरी बऱ्याच, म्हणून हे सांगून ठेवतो.

पहिल्या मित्राचं म्हणणं मात्र चूक आहे, तरी त्यांचा गोंधळ कुठून आला ते मला दिसतं. फुकटचा रिलीफ (बॉल उचलून दुसरीकडून खेळायची मुभा) असतो तेव्हा, म्हणजे साचलेलं पाणी किंवा दुरुस्तीखालची जमीन अशा गोष्टींपासून, ग्रीनबाहेरचा बॉल ग्रीनवर ड्रॉप करता येत नाही. पेनल्टी फटका मोजून घेतलेल्या रिलीफला ही मनाई नाही. पेनल्टी एरियातून बाहेर येताना ड्रॉपची जागा मैदानाच्या कुठल्याही भागात असू शकते, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) किंवा थेट ग्रीनवरसुद्धा. फक्त त्याच पेनल्टी एरियात नको. अट एक आहे. दोन क्लबच्या आत फ्रिंज आणि ग्रीन दोन्ही येत असतील, तर बॉल पहिल्यांदा ज्या भागावर टेकला त्याच भागात थांबला पाहिजे. फ्रिंजवर टेकून ग्रीनवर गेला तर पुन्हा ड्रॉप. तुमचा बॉल याही अटीत अडकला होता.

मग दोन क्लबमध्ये जागा किती मिळते? इथे थोडं गणित करू या, कारण बहुतेक जण अर्धवर्तुळ डोळ्यांसमोर आणतात आणि तिथेच फसतात. क्लब म्हणजे बॅगेतला पुटर सोडून सर्वांत लांब क्लब, बहुधा ड्रायव्हर. तो साधारण ४५ इंच धरा, म्हणजे दोन क्लब मिळून सुमारे २.३ मीटर. तुमचा होल ओलांडणीच्या जागेपासून ८ मीटरवर होता असं समजू. होलला केंद्र धरून ८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्या वर्तुळाच्या आतली सगळी जमीन होलच्या जवळ, म्हणजे बाद. तुमच्या ओलांडणीच्या जागेच्या सरळ मागे पाणी, तेही बाद. उरतं काय? काठ जर होलच्या दिशेला काटकोनात सरळ जात असेल, तर डावीकडे-उजवीकडे काठालगत एकेक पाचर उरते. ती ओलांडणीपाशी शून्य रुंदीची आणि दोन क्लबच्या टोकाला जेमतेम ३३ सेंटिमीटर. होल २० मीटरवर असेल तर ती टोकालाही १३ सेंटिमीटरच्या आसपास येते. काठ ग्रीनला कवेत घेऊन वळला असेल, तर पाचरसुद्धा उरत नाही आणि लाल खुंट्यांची तिसरी वाट कागदावरच राहते.

प्रत्यक्षात काठ क्वचितच इतका नेमका काटकोनात असतो. एका बाजूला तो होलपासून दूर जात असतो, तिथे खरी जागा मिळते. मी टी खोचल्यावर काठाच्या दोन्ही दिशांना पाहतो, पाणी कुठल्या बाजूला होलपासून लांब सरकतं ते शोधतो, आणि त्या बाजूला दोन क्लब मोजतो. होलपासूनचं अंतर पावलांनी मोजलं तरी चालतं. जिथे शंका येईल तिथे दोऱ्यानं. कॅडीला फ्लॅगपाशी दोऱ्याचं एक टोक धरायला लावा, दुसरं टोक टीपर्यंत ताणा आणि तेवढ्याच दोऱ्यानं दुसरी जागा तपासा. हसतील मित्र, पण वाद मिटतो.

ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. खांद्यावरून सोडण्याची पद्धत २०१९ च्या नियमांनी बंद झाली. बॉल रिलीफच्या जागेत टेकला पाहिजे आणि त्याच जागेत थांबला पाहिजे. जागेत टेकून बाहेर गेला तर पुन्हा ड्रॉप. दुसऱ्यांदाही बाहेर गेला, तर दुसऱ्या ड्रॉपला तो जमिनीला जिथे टेकला त्या ठिकाणी ठेवायचा. तिथे दोनदा ठेवूनही थांबत नसेल, तर होलच्या जवळ न जाता जिथे थांबेल अशी सर्वांत जवळची जागा. ३३ सेंटिमीटरच्या उतरत्या पाचरीत हे सगळं करायचं म्हणजे काय होतं, हे अमेरिकेतल्या फिनिक्स ओपनच्या २०१९ च्या शेवटच्या फेरीत गोल्फर रिकी फाउलरनं अनुभवलं. अकराव्या होलवर त्याची चिप ग्रीन ओलांडून पाण्यात गेली. त्यानं नियमाप्रमाणे रिलीफ घेऊन बॉल जागेवर आणला, बॉल थांबला, आणि पुढचा फटका कसा मारायचा हे पाहायला तो ग्रीनकडे गेला असताना बॉल आपला आपण घरंगळत पुन्हा पाण्यात. त्या वेळच्या नियमानं आणखी एक पेनल्टी फटका. त्या होलवर त्याला ट्रिपल बोगी (पारपेक्षा तीन फटके जास्त) पडली, तरी स्पर्धा त्यानंच जिंकली. १ जानेवारी २०२३ पासून हे बदललं. ड्रॉप केलेला किंवा ठेवलेला बॉल थांबल्यानंतर वाऱ्यानं किंवा उतारानं मैदानाच्या दुसऱ्या भागात गेला, तर पेनल्टी नाही. तो होता तिथे परत ठेवायचा. जुनं पुस्तक वाचून खेळणाऱ्या मंडळींना हा बदल माहीत नसतो.

आता माझं मत. तुमच्या परिस्थितीत मी बाजूचा ड्रॉप घेतलाच नसता. स्ट्रोक अँड डिस्टन्स म्हटलं की लोकांना होलच्या सुरुवातीच्या टीवर परत चालत जाणं आठवतं, म्हणून ही वाट ग्रीनजवळ कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण तुमचा शेवटचा फटका चिप होता! परत जायचं अंतर वीस-पंचवीस पावलं. पेनल्टी तोच एक फटका, जो लाल खुंट्यांच्या वाटेलाही लागतोच. शिवाय रिलीफ मिळतो तो चिप मारलेल्या जागेपासून एका क्लबच्या आत, होलच्या जवळ न जाता, त्याच भागात. रफ (उंच गवत), फ्रिंज आणि फेअरवे हे नियमांच्या लेखी एकाच भागात मोडतात. तुमचा बॉल उंच गवतात होता. एका क्लबच्या आत कापलेलं गवत येत असेल तर तिथे ड्रॉप करायला काहीच हरकत नाही. त्याच फटक्याचा अंदाज नुकताच आलेला, लाय (बॉल जसा बसलाय ती स्थिती) आधीपेक्षा बरी, आणि पाचरीची कसरत नाही. चिप बंकरमधून मारली असती, तर ड्रॉप बंकरमध्येच. फटका ग्रीनवरून पुटरनं मारलेला असता, तर ड्रॉपही नाही. बॉल होता त्या जागी हातानं ठेवायचा आणि पुन्हा पुट. आपल्या मित्रमंडळींत पुट पाण्यात गेला की लोक थेट काठावर ड्रॉप घ्यायला धावतात, ते पाहून मला नेहमी नवल वाटतं.

मात्र परत जाताना मूळ जागेपासून त्या एका क्लबच्या पलीकडे जायचं नाही. ऑगस्टाला २०१३ च्या मास्टर्समध्ये दुसऱ्या फेरीत पंधराव्या होलवर टायगर वूड्सचा तिसरा फटका फ्लॅगच्या काठीवर आपटून पाण्यात गेला. तळं पिवळं, म्हणून बाजूचा ड्रॉप नव्हता. त्यानं आधीच्या जागी परत जाण्याची वाट निवडली, पण बॉल मूळ जागेच्या साधारण दोन यार्ड मागे ड्रॉप केला, आणि मुलाखतीत तसं सांगितलंही. चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल दोन फटके लागले आणि त्या होलचा सहाचा आठ झाला. तुमचाही आकडा नेमका तोच आहे: तिसरा फटका पाण्यात, चौथा पेनल्टीचा, पाच आणि सहा हे पुट, आणि वर चुकीच्या जागेचे दोन. खांद्यावरून सोडण्याची चूक त्याच दोनमध्ये जिरते. चुकीच्या पद्धतीनं सोडलेला बॉल योग्य जागेतच थांबला असता आणि तिथून खेळला असतात, तर एकच फटका लागला असता. दोन पावलांचा फायदा म्हणजे गंभीर उल्लंघन नव्हे, त्यामुळे परत जाऊन दुरुस्ती करायची गरज नव्हती. मॅच प्ले (एकेक होल जिंकायचा-हरायचा प्रकार) असता तर होलच गमावला असता. आणि हो, फटका मारायच्या आधी कुणी लक्षात आणून दिलं असतं, तर बॉल उचलून बरोबर ड्रॉप करायला काही पेनल्टी नव्हती. मित्रांनी वाद पुटनंतर घातला, हे तुमचं दुर्दैव.

काही गोष्टी मैदानावर अवलंबून आहेत, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. समितीनं ग्रीनजवळ ड्रॉप झोन आखलेला असेल तर ती आणखी एक वाट असते आणि अशा चिंचोळ्या काठावर बहुधा तीच शहाणपणाची. तेव्हा बॉल त्या आखलेल्या जागेत टेकून तिथेच थांबला पाहिजे. कार्डाच्या मागे किंवा सूचना फलकावर स्थानिक नियम लिहिलेले असतात. पुणे किंवा बेळगावला बाहेरच्या मैदानावर खेळायला गेलात तर टीवर जायच्या आधी ते वाचा. बॉल पाण्यात गेला हे दिसलं नसेल आणि फक्त शक्यता असेल, तर तेवढ्यावर पेनल्टी एरियाचा रिलीफ मिळत नाही. माहीत असायला हवं किंवा जवळजवळ खात्री, म्हणजे ९५ टक्के तरी. नाहीतर तीन मिनिटं शोधायचं, आणि नाही सापडला तर हरवला.

बॉल तळ्यात नाही, पण काठावरच्या झुडपात अडकलाय, तर ती न खेळता येणाऱ्या बॉलची गोष्ट. तीही एका फटक्यात आणि तिथेही दोन क्लब, पण मोजायचे बॉल पडलाय तिथून. तो ड्रॉपही होलच्या जवळ न जाता ग्रीनवर येऊ शकतो. बंकरमध्ये मात्र बाजूला किंवा मागे ड्रॉप बंकरच्या आतच. रेषेवर मागे जाऊन बंकरबाहेर यायचं असेल तर दोन फटके. पेनल्टी एरियाच्या आत हा पर्यायच नाही. तिथे एक तर आहे तसा खेळा, नाहीतर वर सांगितलेल्या वाटा. आत खेळताना आता क्लब जमिनीला टेकवता येतो, काटक्याही बाजूला करता येतात.

पावसाळ्याचं एक. जुलैत आपल्याकडे पाऊस लागून राहतो आणि तळं फुगून खुंट्यांच्या बाहेर येतं. बाहेर आलेलं ते पाणी पेनल्टी एरिया नाही, ते तात्पुरतं साचलेलं पाणी आहे, आणि तिथून रिलीफ फुकट. ग्रीनवर बॉल आणि होल यांच्यामध्ये असं पाणी आलं तरी रिलीफ मिळतो आणि बॉल हातानं ठेवायचा असतो. ग्रीनबाहेर असताना नुसतं मधल्या रेषेत पाणी आहे म्हणून मिळत नाही. म्हणजे पावसाळ्यात बॉल पाण्यात दिसला की आधी खुंटे कुठे आहेत ते बघा. ते पाण्याखाली बुडालेले असतील तर दोन बाजूंच्या दिसणाऱ्या खुंट्यांवरून रेषा धरा.

आणि यातलं काहीच त्या क्षणी आठवलं नाही तर? स्ट्रोक प्लेमध्ये एक सोय आहे, ती मॅच प्लेमध्ये नाही. पुढचा फटका मारण्याआधी जाहीर करायचं, की मी दोन बॉल खेळतोय, आणि नियमात बसलं तर यातला अमुक मोजायचा. मग होल दोन्ही बॉलनी पूर्ण करायचा: एक काठावरच्या ड्रॉपचा, एक चिपच्या जागेवरचा. कार्ड देण्याआधी समितीला सगळं सांगायचं, दोन्ही बॉलचा स्कोअर सारखा आला असला तरीही. न सांगितल्यास बाद होता, आणि बाद होणाऱ्यांत बहुतेक हेच असतात: दोन्हीकडे सहाच आले म्हणून काय सांगायचं, असं म्हणून गप्प बसलेले.